भाऊबंदांचा देव

५ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार. संध्याकाळच्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सगळ्यांना गृहपाठ दिला. पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत प्रत्येकाने निदान एका माणसाला आपल्या प्रभूबद्दल सांगायचं आणि मनात जे येईल ते वहीत लिहायचं. लिहिलेलं कोणी तपासणार नाही म्हणाले. हे बरं केलं. सगळी नोकरी पेशंटचे चार्ट भरण्यात गेली, आता माझा हात लिहिण्याला विटलाय.

मालतीबाईंनी लगेच हात वर केला आणि सांगितलं, की येताना रिक्षावाल्याला सांगूनसुद्धा झालं. त्या बिचाऱ्याला भाड्याची काळजी असेल, तो हो म्हणाला असेल.

मी हात वर केला नाही. मी सुया टोचणारी बाई, प्रवचन माझ्या अंगात नाही. शिवाय हल्लीचे दिवस कसे आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाळकसाहेबही म्हणाले, कोणाला ओढायचं नाही, आमिष दाखवायचं नाही, घाबरवायचं तर मुळीच नाही. धर्मांतराविरुद्ध कायदा आहे, आणि कायदा नसता तरी ते पापच होतं. पण कोणी आपण होऊन विचारलं तर तोंड फिरवू नका, एवढंच त्यांनी मागितलं. मला कोण विचारणार? सुरतेच्या या बमरोलीत मला लोक फक्त बीपी विचारतात.

८ मार्च, शनिवार

शेजारच्या सुंदराचा रिपोर्ट आला. मला वाटलं होतं तेच निघालं. कॅन्सर पित्ताशयातून यकृतात गेलाय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन मान हलवली. आम्हा लोकांना तेवढं पुरतं.

सुंदरा आणि मी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून म्हाताऱ्या झालो. ती अमळनेरकडची. नवरा सुकदेव लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, माग चालवतो, ती घरी साड्यांचे धागे कापते. दुपारी आपलं ताट झाकून माझ्याकडे आणते आणि आम्ही एकत्र जेवतो. माझ्या भाजीला नावं ठेवल्याशिवाय तिला घास उतरत नाही. "शिस्टर, आज बी दवाखानानीच भाजी का?" असं रोज.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सुकदेवभाऊंनी हात जोडले. "शिस्टर, तिले काय सांगू नका. कावीळ म्हना." मुलगा योगराज खाली मान घालून उभा होता, तोही तेच म्हणाला.

मग मी आत जाऊन सुंदराला सांगितलं, कावीळ आहे गं, उतरेल. असं सांगणं मला चांगलं जमतं. आवाज हलू द्यायचा नाही आणि बोलताना उशी सारखी करायची. सुंदराला बरं वाटलं. मला मात्र घरी आल्यावर चहासुद्धा गेला नाही.

१२ मार्च, बुधवार

दुपारी सुंदरा जेवायला आली. ताटात दोन घास वरणभात, तोही चिवडत बसली. मी नेहमीसारखी जेवणाआधी प्रार्थना केली. डोळे उघडले तर ती माझ्याकडे बघत होती.

"शिस्टर, इतला वरीस पाही ऱ्हायनू. जेवाना आगुदर डोया मिटीसन तुम्ही काय म्हनतस?"

"काही नाही गं. आभार मानते."

"कोनले सांगतस इतलं?"

"देवाला. गोळी घेतलीस का सकाळची?"

गोळी घेतली नव्हती. मग त्यावरून मी तिला चांगली झापली.

१९ मार्च, बुधवार

सुंदराच्या डोळ्यांत पिवळेपणा वाढलाय. खाज इतकी की दंड ओरबाडून घेतलेत. मी कडुनिंबाच्या पाण्याने पुसून काढते. सून हर्षदा चांगली पोरगी आहे, पण तिला हात लावायला भीती वाटते. सुरतेतच वाढलेली, तिच्या तोंडी गुजराती जास्त. मला मासी म्हणते. सासूला तिने याआधी कधी आजारी बघितलेलं नाही, आणि हे तर शेवटचं आजारपण.

पुसताना सुंदरा आखाजीचं बोलायला लागली. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. लेक एकटी येत नाही, भाऊ मूळ बनून तिला न्यायला येतो. सुंदराचा भाऊ करोनात गेला.

"माले मायेर जानं शे आखाजीले. पन लेवाले कोन यी?"

"योगराज सोडेल की."

तिने ओरबाडलेला दंड पुढे केला. मग म्हणाली, "शिस्टर, तुमले सांगस. माले मरानं भ्याव नई वाटत. एकली जावानं वाटस. मी कधी कोठे एकली गऊ नई. लगीनमा भाऊनी आनी सोडी, बाजारमा तुम्ही. तठे कोन यी लेवाले?"

म्हणजे तिला कळलंय. मी म्हटलं, असलं काही बोलायचं नाही, कावीळ उतरतेय. आणि पाणी बदलायला बाहेर आले. बादली भरून वाहायला लागली तरी मी नळाजवळ उभीच.

२० मार्च, गुरुवार

सकाळी शास्त्र काढून बसले. जे शोधायचं होतं ते मला तोंडपाठ आहे, तरी डोळ्यांनी बघायचं होतं. प्रभू आपल्या माणसांना सांगतो, की मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो आणि मग परत येऊन तुम्हाला माझ्याजवळ नेईन. स्वतः न्यायला येईन म्हणतो. सुंदराने जे विचारलं त्याचं उत्तर त्या पानावर आहे. तिच्या घरापासून माझ्या टेबलापर्यंत एक भिंत.

तरी मी सांगणार नाही. आमच्या मेट्रनबाई सांगायच्या, पेशंट उठून जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्या उशाशी आपलं दुकान मांडायचं नाही. त्या स्वतः देवळात पहिल्या बाकावर बसणाऱ्या होत्या, आणि मला त्यांचं म्हणणं आजही पटतं. खाटेला खिळलेल्या बाईला धर्म सांगायचा हा कसला मर्दपणा? उद्या गल्लीत कोणी म्हणालं, सिस्टरने मरताना गाठलं हो तिला, तर सुकदेवभाऊंना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि मलाही नाही.

पण तिने विचारलं होतं, हेही खरं. माझं मन आज दिवसभर थाऱ्यावर नव्हतं.

२ एप्रिल, बुधवार

बरेच दिवस लिहिलं नाही. गुढीपाडव्याला हर्षदाने पुरणपोळी आणून दिली. सुंदराने माझ्यासाठी बाजूला ठेवायला लावली होती म्हणे, स्वतः काहीच खाल्लं नाही.

आज तिने मला अचंब्यात टाकलं. "शिस्टर, तुमना देवळमा मी उनू ते चाली का?"

मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, असंच. तुम्ही दर ऐतवारी जातस, पाहू दे माले काय ऱ्हास. सुकदेवभाऊंना विचारलं. ते म्हणाले, तिचं मन रमतंय ना, घेऊन जा, शिस्टर. योगराजने रिक्षा ठरवून दिली.

मी तिला आणलेलं नाही, ती आपण होऊन येतेय. हे इथे लिहून ठेवते.

६ एप्रिल, रविवार

सुंदराला उपासनेला नेलं. आमची मराठी मंडळी लहान, गुजराती मंडळीचं देऊळ आम्हाला दुपारनंतर मिळतं. ती नवं लुगडं नेसून आली होती, हिरवं. त्या रंगात तिचा पिवळेपणा जास्तच दिसत होता. मी तिला माझ्या आणि मालतीबाईंच्या मध्ये बसवली, पाठीला उशी लावून.

भजनं तिला आवडली. टाळ कुठे आहेत म्हणून विचारलं. पाळकसाहेबांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली तेव्हा तिने पदर डोक्यावर घेतला. मला इतकं बरं वाटत होतं, की वाटलं हीच माझी साक्ष, हाच माझा गृहपाठ. काही न बोलता झाली.

महिन्याचा पहिला रविवार, म्हणून प्रभुभोजन होतं. आमच्यात भाकरीच्या तुकड्यांची ताटली बाकावरून बाकावर फिरते. मी तुकडा घेतला. सुंदराने हात पुढे केला होता. मी ताटली तिच्यावरून मालतीबाईंकडे दिली. बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेल्यांनीच घ्यायचा असतो, त्याला काही इलाज नाही. द्राक्षरसाच्या प्याल्यांचंही तसंच. तिच्या कानात म्हटलं, तुला नाही चालत हे. तिने हात पदराखाली घेतला.

मला धाकधूक होती, पण तिने जराही वाईट वाटून घेतलं नाही. रिक्षात मीच विषय काढला. म्हटलं, आमच्यात नियम आहे बाई. तर ती म्हणाली, "मी समजनू. आमनी कानबाईना रोट बी तसाच ऱ्हातस. भाऊबंदनाच खातस. परकासले देतस नई, उरनं ते बुडाडी देतस. ज्यानात्याना देव ज्यानात्याना भाऊबंदसकरता."

कानबाई त्यांची देवी. श्रावणात बसवतात, रोट म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या. एवढी अडाणी बाई, पण किती चटकन समजून घेतलं. मी तिचा हात हातात घेतला. पर्वत पाटियापाशी गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

९ एप्रिल, बुधवार

सुंदराला आता उठवत नाही. मीच ताट घेऊन तिच्या खाटेपाशी जेवते. मी डोळे मिटले की ती तोंड भिंतीकडे करते. आधी टक लावून बघायची. प्रश्नही विचारायचे थांबलेत तिचे. खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं.

१३ एप्रिल, रविवार

झावळ्यांचा रविवार. पोरांनी झावळ्या नाचवत होसान्ना म्हटलं. मी लवकर निघाले. सुंदराच्या पोटात पाणी झालंय. तिला कुशीवर कसं वळवायचं ते हर्षदाला शिकवलं. भीत भीत, पण शिकली.

सुंदराने मला विचारलं, "मी गऊ ते तुम्ही दुपारले कोनासंगे जेवशात?"

मी म्हटलं, गप्प बस, कावीळ उतरली की तुलाच भाजी करायला लावते. ती हसली. मी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

उत्तम शुक्रवार. तीन तासांची उपासना, उपास. वधस्तंभावरच्या शब्दांवर एकेक जण बोलला. इतकी वर्षं मी हे ऐकतेय. आज पाळकसाहेबांनी एक साधी गोष्ट सांगितली. प्रभूच्या शेजारी टांगलेला चोर कोणाच्याच मंडळीत नव्हता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, त्याला वेळही उरला नव्हता. त्याने फक्त माझी आठवण ठेव म्हटलं आणि प्रभू म्हणाला, आजच तू माझ्याबरोबर असशील. माझ्याबरोबर, एकटा नव्हे.

मी बाकावरच रडायला लागले. मालतीबाई पाणी घेऊन आल्या, त्यांना वाटलं उपासामुळे चक्कर आली.

कोणी विचारलं तर तोंड फिरवू नका, म्हणाले होते पाळकसाहेब. सुंदराने मला सरळ विचारलं आणि मी बादली भरायला गेले. तिचं नाव नाही बदलायचं मला, तिची कानबाई नाही काढून घ्यायची. पण तिला एकटं जायची भीती वाटते, आणि न्यायला येणारा मला माहीत आहे. ते तिच्यापासून लपवून ठेवते त्याला मी आजपर्यंत सभ्यपणा म्हणत होते. उद्या सांगणार.

१९ एप्रिल, शनिवार

सांगितलं.

सुकदेवभाऊ घरी होते, त्यांच्या समोरच. चोरून काही करायचं नव्हतं मला. त्यांना विचारलं, हिच्याशी देवाचं दोन शब्द बोलू का? ते म्हणाले, बोला ना शिस्टर, देवनं बोलाले कोन नई म्हनी.

मी खाटेवर बसले. आवाज हलू दिला नाही, आणि सवयीने उशीसुद्धा सारखी केली. म्हटलं, सुंदरा, तू विचारलं होतंस ना, कोण येईल न्यायला? येशू येतो. तो स्वतः म्हणालाय, मी येऊन माझ्याजवळ नेईन. तुला एकटीला जायला लागणार नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे पिवळे झालेत, पण नजर तीच, भाजीला नावं ठेवतानाची.

"कोनले म्हना तो?"

"त्याच्या माणसांना."

"तुमले म्हना मंग. मी कोठे त्यानी? तुमना भाऊबंद शे तो. माले वाटा नई त्यामा, मी पाहीसन उनू ना."

मी म्हटलं, नाही गं, तुझ्यासाठीसुद्धा आहे. सगळ्यांसाठी आहे. खरं सांगते.

तिने माझ्या हातावर थोपटलं. पेशंटला मी थोपटते तसंच. "कावीळ उतरी जाई, ते बी तुम्हीच सांगं ना? तुम्ही लई मायाळू शेतस, शिस्टर. मानूसले बरं वाटाकरता कितलं बी बोलतस."

आणि डोळे मिटून घेतले.

मी उठून घरी आले. काय बोलणार होते? माझ्या तोंडचं खरं आणि खोटं तिला एकाच आवाजात ऐकू येतं. तो आवाज मीच कमावलाय. आणि ती ताटली. मला वाटलं होतं, तिने नियम समजून घेतला. तिने दुसरंच समजून घेतलं होतं, ते रिक्षात मला बोलूनही दाखवलं होतं, आणि मी तिचं कौतुक केलं.

मला फार वाईट वाटतंय. याहून वेगळा शब्द सापडत नाही.

२० एप्रिल, रविवार

प्रभू उठला आहे. सगळे एकमेकांना म्हणत होते, मीही म्हटलं. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाकोणाला साक्ष द्यायची संधी मिळाली? मालतीबाईंचे सात जण झाले. मी उठले नाही.

उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठून सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, ताटली तुम्ही नियमानेच पुढे दिली, पण घरी येऊन तिला भाकरीचा अर्थ सांगता आला असता. आणि म्हणाले, पुन्हा जा. एकदा सांगून कोण विश्वास ठेवतं? प्रभू उठला हे बायकांनी येऊन सांगितलं, तेव्हा शिष्यांनीसुद्धा पहिल्यांदा ते बाष्कळ ठरवलं होतं.

घरी आले तर सुंदराला गुंगी. हाक मारली, हूं म्हणाली, पण ओळख नव्हती. यकृताच्या पेशंटचं असंच होतं. कधी मध्येच शुद्ध येते, कधी येतच नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

सुंदरा गेली. सकाळी. योगराज धावत मला बोलवायला आला तेव्हा सगळं संपलं होतं. हनुवटी मी बांधली. तिला देवळात नेसलेलं तेच हिरवं लुगडं नेसवलं, हर्षदाने काढून दिलं.

सुकदेवभाऊ मुलासारखे रडले. मला म्हणाले, शिस्टर, तुमनामुये तिले तरास कमी व्हयना. मी मान हलवली.

२६ एप्रिल, शनिवार

दुपारी जेवायला बसले आणि पहिला घासही गेला नाही. ताट तसंच झाकून ठेवलं.

थोड्या वेळाने हर्षदा आली. दारात घोटाळत होती. मी आत ये म्हटलं, तर येऊन जमिनीवर बसली आणि रडायलाच लागली. मला वाटलं सासूच्या आठवणीने. म्हणाली, "मासी, माझ्याकडून एक भूल झाली. तुम्हाला बोलली नाही मी. पप्पांनाही नाही."

मंगळवारी सकाळी सुंदराला शुद्ध आली होती. चांगली शुद्ध. पाणी मागितलं, हर्षदाला नावाने हाक मारली. आणि तिला माझ्याकडे पाठवलं.

"मम्मी बोलल्या, शिस्टरले बलाव. माले इचारनं शे, तो लेवाले येस ते खरं शे का, का माले बरं वाटाकरता सांगं त्यासनी. तीन-चार वेळा बोलल्या मासी. एकदम घाई करत होत्या. मी लगेच आली तुमच्याकडे."

मी म्हटलं, मग? मी तर घरीच होते. सकाळी दाराला कडीसुद्धा नसते माझ्या.

"दार उघडंच होतं. तुम्ही गुडघ्यावर बसून पाठ करत होत्या. डोळे बंद. कोणी पूजेला बसलं तर बोलवायचं नाही ना, मासी, आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. दोष लागतो. मी दारात उभी राहिली. वाटलं, आता उठतील. खूप वेळ उभी होती. तुम्ही मम्मींचंच नाव घेत होत्या, मी ऐकलं. मग मी परत गेली. मम्मींना बोलली, येतायत. पण त्यांचा श्वास बदलला होता."

मी तिला जवळ घेतलं. तुझी काही चूक नाही पोरी, म्हटलं. हे मी कमावलेल्या आवाजात म्हटलं नाही. तो आवाज माझ्याकडे आता राहिलेला नाही.

मंगळवारी सकाळी मी काय मागत होते ते मला नीट आठवतं. आदल्या दिवशीही तेच मागितलं होतं. प्रभू, तिला एकदा शुद्ध येऊ दे. तिने मला एकदाच विचारू दे, मी लगेच जाईन.